पाठचा भाऊ

लाल बावट्याचा पक्ष फुटला, तेव्हा औषधांच्या कारखान्यात पॅकिंग करणारी ताई एका गटात राहिली आणि तिचा पाठचा भाऊ दुसऱ्या गटात गेला. "गद्दारांची सावलीसुद्धा नको," असं नेत्याने बजावलं आणि तिने तो शब्द प्रमाण मानला. भावाने अंथरूण धरलं तरी ती गेली नाही. तो वारला, तेव्हाही गल्लीच्या तोंडाशी उभी राहून रडली आणि तशीच माघारी फिरली.

निवडणूक आली. मतं फुटू नयेत म्हणून दोन्ही गटांचे नेते एका मंचावर आले. "आमच्यात मतभेद होते, मनभेद कधीच नव्हते!" म्हणत त्यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली.

मंचावरून उतरताना तिचा नेता तिला पाहून हसला. "काय ताई, एकट्याच? आता भावालाही आणा की प्रचाराला!"