मधलं अंगण

"त्याला सांग, गोदामाची चावी त्याच्याकडंच र्‍हाऊ दे. मला नको," परेश म्हणाला.

त्याची आई भामाबाई उठल्या. जासईतल्या त्या अंगणाच्या एका टोकाला थोरल्या परेशचं घर, दुसऱ्या टोकाला धाकट्या सत्यजीतचं. वडिलांमागे गोदाम दोघांच्या नावावर राहिलं आणि बोलणं बंद झालं. तेव्हापासून निरोप आई नेत असे.

आज तिच्या मागोमाग एक परदेशी अधिकारी आणि त्याची खारघरची दुभाषी प्राची चालत होती. युद्धातून सावरणाऱ्या एका देशात घरं उभारायला त्याचं सरकार सामान पाठवणार होतं. ते बोटीत चढेपर्यंत ठेवायला हे गोदाम भाड्याने हवं होतं. सरकारचं धोरण कडक होतं. तिकडे लढलेल्या दोन्ही बाजू एका टेबलाशी बसल्याशिवाय मदत सुटणार नव्हती. तोवर त्या दोन बाजूंचे निरोप हाच अधिकारी पोचवत होता. त्या एकत्र बसल्या की त्याचं कार्यालय बंद व्हायचं होतं. तोच नियम त्याने जासईलाही लावला. भावांनी समोरासमोर बसून भाडेकरारावर सह्या करायच्या, नाहीतर तो दुसऱ्या कुणाचं गोदाम घेणार.

भामाबाई सत्यजीतच्या ओट्यावर पोचल्या. "चावी मलाच पायजे म्हनतो," त्यांनी सांगितलं.

सत्यजीत उसळला नाही. म्हणाला, दादाला सांग, पहिली सही त्याची.

भामाबाई अंगण ओलांडून परत आल्या. "पहिली सही मीच करनार म्हनतो."

परेशने दार लावून घेतलं.

प्राचीने दोन्हीकडचं बोलणं जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं होतं. अधिकारी अंगणाच्या मधोमध थांबला. तुम्ही असं का करता, त्याने विचारलं.

भामाबाईंनी आधी दोन्ही दारांकडे पाहून घेतलं.

"ही दोगं बोलायला लागली तर मला कोन इचारील, साहेब? आता दिसभर आये, आये करतात."

प्राचीने तेही सांगितलं. आता हा माणूस दोघांना बाहेर बोलावून सगळं उघड करणार, अशी तिची खात्री होती. तेवढ्यात दोन्ही दारं किलकिली झाली. काय ठरलं, असं दोघांनी एकदमच विचारलं. आईला.

अधिकाऱ्याने भामाबाईंकडे पाहिलं. मग प्राचीकडे वळला.

"दोघांनाही कळवा, चर्चा सकारात्मक झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू."

वाक्य त्याला तोंडपाठ होतं.