पहिला खड्डा

भिंगारच्या आसिफचं एकच पालुपद असायचं, "आताच्या गेममध्ये पहिली मजा न्हाई राहिली." थोरला भाऊ वारला, त्याचा चाळिसावा झाला, तसा त्यानं माळ्यावरचा जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम काढून टीव्हीला जोडला. त्या काळी दोघा भावांत रिमोट एकच होता. जो मरेल त्यानं तो दुसऱ्याला द्यायचा, हा नियम.

"पहिला खड्डा ओलांडून दाखव," तो लेकीला, शिफाला म्हणाला. "भाई कायम तिथंच मरायचा. मग तासभर मीच खेळायचो."

शिफानं खड्डा सहज ओलांडला. चारदा ओलांडला.

"अब्बू, हा तर लई सोपा हाय. मुद्दाम आत उडी टाकल्याशिवाय इथं कुणी मरत न्हाई."

तिनं रिमोट पुढं केला. आसिफच्यानं तो हातात घेववेना.