लाल दाखव बघू

मुलुंडच्या शाळेत शिशुवर्गाची मुलाखत होती, म्हणून नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या जयवंतने पुतणीला, शलाकाला, महिनाभर टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमवर रंग शिकवले. पडद्यावरचं रंगाचं नाव त्याने वाचायचं, तिने त्या रंगाचा फुगा फोडायचा. तिचा एकही फुगा चुकेना. "मेंदू तयार होतोय, वहिनी!" तो ऐटीत म्हणायचा.

मुलाखतीत बाईंनी लाल चेंडू दाखवून रंग विचारला, तर शलाका चेंडू नुसता निरखत राहिली.

"बरं, लाल काय आहे ते दाखव."

तिने राखाडी लोखंडी कपाटाकडे बोट केलं.

"वाट लागली! महिन्याची मेहनत पाण्यात!" बाहेर येताच जयवंत कडाडला. "घरी कशी चुकत नव्हतीस गं?"

 

"भावजी," वहिनी म्हणाली, "आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट आहे ना?"