संत्र्याचा वास

शुभमच्या तोंडाला संत्र्याचा वास येत होता. भावनाने त्याची हनुवटी धरून पुन्हा हुंगून पाहिलं. वास तोच, तापाच्या गोड औषधाचा. पोराचं अंग तर चांगलंच तापलं होतं.

तिने हनुवटी सोडून हात झटकला.

म्हसळ्यात घरच्या घरी पाळणाघर चालवताना तिने काय कमी पाहिलं होतं? ओकलेलं निपटलं, शी धुतली, नाकातून ओठांवर ओघळलेलं पुसलं. कधी तोंड वाकडं केलं नाही. पोरं आहेत, करणारच. पण या एका वासाची तिला मनापासून किळस होती. कारण तो पोरांचा नव्हता, आयांचा होता.

रीत ठरलेली. पोराला रात्रीपासून ताप. सकाळी औषध पाजायचं, अंग जरा निवलं की हसतहसत दारात सोडायचं आणि एसटी पकडायची. दुपार व्हायच्या आत औषध उतरतं आणि पोर फणफणतं. तोवर त्याने बाकीच्यांच्या पेल्यांना तोंड लावलेलं असतं. म्हणून भावनाचा एकच नियम कडक होता: औषध पाजून आणलेलं मूल परत जाईल, आणि पुन्हा घेतलं जाणार नाही.

याच किळसेपायी तिने स्वतःच्या दोघांना शाळेतून काढलं होतं. खोकणारी, शिंकणारी पोरं लोक खुशाल वर्गात ढकलतात आणि दुखणं आपल्या घरी येतं. ती स्वतः डी.एड. होती, मग कशाला पाठवायचं? नऊ वर्षांची राही आणि धाकटा ओंकार पडवीत बसून शिकायचे. आतल्या खोलीत पाळणाघराची पोरं लोळायची.

आज मापांचा धडा होता. बादलीभर पाणी, वाटी, चमचा आणि औषधाच्या बाटलीवरचं रेघांचं टोपण.

"पाच मिलीचं निम्मं किती?"

"अडीच," राही म्हणाली आणि तिने डोकं वहीवर टेकलं. एरवी तिने उलट दहा प्रश्न विचारले असते.

"हवा बदललीय, दुसरं काय," म्हणत भावनाने तिला आतून उशी आणून दिली आणि ती पोरांचा भात लावायला गेली. शुभम लगेच राहीला चिकटून बसला. तीन वर्षांचं ते पोर दिवसभर तिच्याच मागे असायचं.

भात उतरवून भावना बाहेर येते तो शुभम असा तापलेला.

"औषध प्यालास का रे?"

शुभमने राहीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"आईने दिलं ना?"

त्याने पुन्हा मान डोलावली. शर्टाच्या कॉलरवर नारिंगी थेंब होता. भावनाने बोट लावलं तर चिकट, अजून ओलाच. पाजून पोराचं तोंडसुद्धा पुसलं नाही बाईने! तिला शिसारी आली. तिने फोन उचलला.

शुभमची आई मैना माणगावला एका कंपनीत पॅकिंगला होती. नुकतीच लागलेली, अजून कायम व्हायची होती. घरी तिला दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, शप्पत घेते, मी न्हाय पाजलं. सकाळी चांगला हसत आला ना तो?"

"औषध पाजल्यावर सगळीच हसत येतात. येऊन घेऊन जा."

"साहेबाला इचारते." जरा वेळाने तिचा आवाज खाली आला. "ताई, साहेब म्हनतो, आत्ता गेलीस तर उद्या येऊ नको. पाच वाजेस्तोवर ठेवा ना. पाया पडते."

"आणि बाकीची पोरं आजारी पडली तर? ते काही नाही. आत्ता ये."

मैना आली ती अंगावर कंपनीचा निळा एप्रन तसाच ठेवून. भावनाने शुभमची पिशवी दोन बोटांत धरून पुढे केली.

"उद्यापासून आणू नकोस."

"मंग मी लेकराला ठेवू कुटं, ताई? काम तर गेलंच माझं. दुसरं शोदायला तरी फिराया पायजे ना?"

"ताप लपवताना हा विचार करायचा होता."

"मी न्हाय वो लपवला. तुमीपन आई हाव ना?"

"म्हणूनच सांगते. असल्या आयांची मला किळस येते. आपला कामधंदा बुडू नये म्हणून पोराला औषध पाजायचं आणि दुखणं गावभर वाटायचं!"

मैनाने शुभमला खांद्यावर टाकलं, पदर त्याच्या डोक्यावर ओढला आणि ती भर उन्हात स्टँडकडे चालू लागली. शुभम मागे वळून राहीला हात हलवत होता.

भावनाने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पोरांचे सगळे पेले उकळत्या पाण्यात टाकले. कुणीतरी हे करायलाच हवं होतं, असं तिला वाटलं आणि बरंही वाटलं.

राही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे गाल लालबुंद झाले होते.

"आई, शुभम आता कधीच येणार नाही?"

"नाही."

"मैनाकाकूंनी नव्हतं दिलं गं औषध. मी दिलं. त्याचं अंग गरम लागत होतं."

भावनाच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"किती दिलंस?"

"थोडंच," राही घाईघाईने म्हणाली. "तू मला तीन दिवस झाले रोज सकाळी देतेस ना, मुलं यायच्या आधी, त्याच्या निम्मं."