शिट्टी
"पाचच मिनिटं लाईन द्या," अशी हिशेबनीस बाईंना गळ घालून संगणकाचं काम बघणाऱ्या तंत्रज्ञाने ऑफिसातल्या एकुलत्या एक फोनच्या तारेला मोडेम, म्हणजे फोनवरून दोन संगणक जोडणारी पेटी, जोडला. मोडेम चालवणाऱ्या युनिक्सच्या ड्रायव्हर प्रोग्रॅमने आठवडाभर त्याच्या नाकी नऊ आणले होते; शाखेतल्या संगणकाचा कॉल मोडेम उचलतच नव्हता. आज फोन वाजताच मोडेमने तो उचलून कर्कश शिट्टी मारली. त्याने टाळीच वाजवली. कॉल लगेच तुटला, म्हणून त्याने मोडेमच्या जोडणीचा वेग बदलला. आणखी दोनदा तसंच झालं. तेवढ्यात बाईंची धाकटी बहीण धापा टाकत आली. "ताई, दवाखान्यातून कितीदा फोन केला! नुसती शिट्टीच ऐकू यायची. बाबांना तुझ्याशी बोलायचं होतं." बाई पर्स घेऊन उठल्या. "चल, निघूया." "आता घाई नाही, ताई." त्याने मान खाली घातली. मग फोनच्या तारेतून मोडेम सोडवला.