राजदीप सरचा शब्द

फायनलचा शेवटला टाइमआउट, आणि कोच राजदीप सर लालसूच्या खांद्यावर हात टाकून नवा शब्द मागून राह्यले होते. लालसूच्या डोक्यात असा जाळ उठला ना, हातातली बाटली हातातच चेपली त्यानं.

चिडन नाई तं काय? एटापल्लीचा हा उंचपुरा गडी, डायरेक्ट देशाच्या बास्केटबॉल लीगमधी निवडला गेला. प्रॅक्टिसमधी सोताशीच गोंडी पुटपुटे. ते सरनं ऐकलं, अन् ठरवलं का आपले डाव ह्याच बोलीत सांगायचे, समोरच्या टीमले घंटा समजन. लालसूनं खुशीनं शिकवलं. 'येर' म्हणजे पाणी, ओरडलं का बॉल डावीकडून काढायचा. 'पुल्ली' म्हणजे वाघ, सगळ्यायनं अंगावर जायचं. टीम जिंकत सुटली. पेपरात सरचा फोटो, सरची अक्कल, सरची गुप्त भाषा. आणि लालसू? अख्खा सीझन बेंचवर. उतरवा म्हटलं का सर म्हणे, तुझं काम बसूनच होते रे. पोरं त्याले डिक्शनरी म्हणून चिडवत. तिकडं माय दर मॅचले शेजाऱ्यापाजाऱ्याले घेऊन टीव्हीपुढं बसे, आज तरी पोरगा खेळताना दिसन म्हणून.

आता फायनलमधी समोरच्यायनं जुने सगळे शब्द ओळखले होते.

"मले उतरवा, मंग देतो," लालसू म्हणाला.

"शब्द दे. आईशप्पथ, लगेच उतरवतो."

लालसूनं त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं. "कल्ले," तो म्हणाला.

सरले वाटलं, दाढीचे कल्ले. गालावरून हात फिरवत हसले, पोरायले समजावलं, अन् लालसूले बेंचवरच ठेवलं.

मंग काय, "कल्ले, कल्ले" ओरडत सर लाइनीवर नाचून राह्यले, कॅप्टननं बास्केट टाकली, टीम चॅम्पियन. टीव्हीवालीनं माईक धरून विचारलं, ही भाषेची आयडिया कोणाची? माझीच, सर म्हणाले. अन् छाती ठोकून, कॅमेऱ्यात पाहून, देशाले आखरीचा तो शब्द परत ऐकवला.

लालसू ड्रेसिंग रूममधी गेला तं मायचा फोन आला. तिच्या मागं अख्खा मोहल्ला हसून राह्यला होता.

"काऊन रे पोरा," तिनं गोंडीत विचारलं, "तो तुह्या टीमचा माणूस छाती ठोकून चोर, चोर काऊन म्हणून राह्यला होता?"