अकरा नावांची चौकट

फॅक्स मशीनमध्ये गिरिजाने घातलेला कागद दोनदा तिरका गेला.

"एकदा विचार कर यार," राधिका म्हणाली. "पोलिस केसमध्ये नाव आलं तर तुझ्या व्हिसाचं काय? परत स्टॅम्पिंग करतील का?"

"अण्णांची बायपास झालीय, राधिका. तुरुंगात टिकतील ते?"

राधिका गिरिजाची रूममेट. कामावर जाता जाता गाडीतून तिला इथे घेऊन आली होती. इकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेत, सकाळचे आठ वीस झाले होते. विद्यापीठातल्या इतिहास विभागाचं ऑफिस अजून उघडलं नव्हतं, पण गिरिजाकडे किल्ली होती. तिकडे कोकणात सहाला दहा कमी. तहसीलदार सहा वाजेपर्यंत थांबणार होते. तोवर अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जगन्नाथ म्हात्र्यांनी, हमीपत्रावर सही केली नाही, तर त्यांची रवानगी तुरुंगात.

अण्णा जिल्हा परिषदेचे सदस्य आणि 'खाडीकाठ' साप्ताहिकाचे संपादक. गावाकडे जमिनी मागत आलेल्या कंपनीला कोणी जमीन द्यायची नाही, असा गावाने ठराव केला होता. अकरा जणांनी गुपचूप दिली. अण्णांनी ती अकरा नावं पहिल्या पानावर छापली. अंकाची पानं लावायचं काम गिरिजाचं. दर बुधवारी ती इथून ईमेल करायची. अण्णांचा कॉम्प्युटरच्या पडद्यावर काडीचा विश्वास नाही, म्हणून ते छापील कागदावर पेनाने दुरुस्त्या करून याच मशीनवर परत पाठवायचे.

नावांभोवती जाड काळी चौकट घालायची हौस मात्र गिरिजाची. तिचा प्रबंध आयर्लंडमधल्या जमिनीच्या भांडणांवर होता. तिथल्या एका खासदाराने शंभर वर्षांपूर्वी, कुळांच्या हिसकावलेल्या जमिनी घेणाऱ्यांची नावं स्वतःच्या वर्तमानपत्रात अशाच चौकटीत छापली होती. वर्तमानपत्रातून दहशत घातली म्हणून त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. हेही गिरिजाने वहीत टिपून ठेवलं होतं. पण चौकट तिला उठावदार वाटली, तिने घातली. आपल्याकडे काळी चौकट कोणाभोवती घालतात, हे शेंबडं पोरही सांगेल. चार वर्षं मायक्रोफिल्म वाचून हिची अक्कल गहाण पडली होती.

गुरुवारी अंक वाटला गेला. शुक्रवारी दुपारी प्रल्हाद ठाकूरच्या ओटीवर कोणीतरी मयताच्या घरी लावतात तसा पिठावर दिवा लावून ठेवून गेलं. अकरातला पहिला तो. आत बसून जेवत होता. त्याच्या आईने तो दिवा पाहिला आणि ती उंबऱ्यातच कोसळली. शनिवारी पोलिस अण्णांना घेऊन गेले.

"गिरिजा, लवकर कर बाळा," फोनच्या स्पीकरवरून अण्णांची केस बघणारे प्रताप वकील म्हणाले. भल्या हवालदाराने अण्णांना तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्स-फॅक्सच्या दुकानात वकिलांच्या शेजारी बसू दिलं होतं. "नुसती नावं छापली हा गुन्हा नाही. चौकट ही धमकी, असं त्यांचं म्हणणं आहे. चौकट अण्णांची नव्हेच, एवढं लेखी आलं की आज त्यांना घरी नेतो."

"काका, अण्णांना द्या ना फोन."

खरखर झाली. मग अण्णांचा आवाज, नेहमीचाच, "चहा झाला का गं?"

"अण्णा, तुम्ही सही करून टाका. यापुढे नावं छापणार नाही म्हणा. पाया पडते मी तुमच्या."

"आणि मग अंकात काय छापू? भरती-ओहोटीचं वेळापत्रक?"

"गोळ्या आहेत का जवळ?"

"खिशात आहेत."

"मग माझा कागद तरी घ्या. चूक माझी आहे, अण्णा. तो दिवा माझ्यामुळे लागला. मला झोप येत नाही, घास गिळवत नाही."

तिकडे मागे एक एसटी गेली.

"पाठव," अण्णा म्हणाले. "बघतो."

गिरिजाला रडू फुटलं. चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिचं ऐकलं होतं. राधिकानेच कागद सरळ धरला आणि बटण दाबलं. एका ओळीचा तर कागद: 'गेल्या अंकातील काळी चौकट मी, गिरिजा जगन्नाथ म्हात्रे, स्वतःच्या मर्जीने घातली आहे.' खाली तिची सही.

"आला, आला," वकील म्हणाले. मग अण्णांचा आवाज आला, फोनपासून लांबून, "पेन बघू जरा."

"हमीपत्रावर सही करतायत," गिरिजा राधिकाच्या कानात म्हणाली. तिने राधिकाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"अण्णासाहेब, अहो, हे काय करताय? तो कागद मला द्या, मला—"

फोन बंद झाला. गिरिजाने तीनदा लावला, तीनदा एंगेज लागला. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजले. तिकडे सहा.

तेवढ्यात फॅक्स मशीन वाजलं. कागद हळूहळू बाहेर यायला लागला. तिचाच कागद, तिच्याच अक्षरातला. फक्त दोन सरळ रेघा ओढलेल्या होत्या, प्रूफात एखादा शब्द गाळायचा असला की अण्णा ओढत तशा, एक 'गिरिजा' या शब्दावर आणि एक तिच्या सहीवर. बाकी ओळ त्यांनी तशीच ठेवली होती.

'गेल्या अंकातील काळी चौकट मी, जगन्नाथ म्हात्रे, स्वतःच्या मर्जीने घातली आहे.'

खाली त्यांची सही. आणि कोपऱ्यात, दर बुधवारी असायचा तोच शेरा: 'छापावे.'